कॅन्सस सिटीने आपला बॉस स्वतः का पाडला नाही?

7 एप्रिल 1939 रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, अमेरिकेतील मिझुरी राज्याच्या कॅन्सस सिटी या शहरात टॉम पेंडरगास्ट या राजकीय बॉसवर, म्हणजे स्वतः पदावर न बसता शहर चालवणाऱ्या पुढाऱ्यावर, आरोप निश्चित करण्यात आले. सुमारे चार लाख वस्तीच्या या शहरात त्याच्या होकाराशिवाय कंत्राट निघत नव्हते, नोकरी मिळत नव्हती आणि पोलीस ठाण्यात अधिकारी बसत नव्हता. निवडणुकीच्या दिवशी त्याच्या यादीतली मेलेली माणसेसुद्धा मतदान करत होती. तरीही त्याच्यावर ठेवलेला आरोप शहराच्या लुटीचा किंवा मतांच्या चोरीचा नव्हता, तर प्राप्तिकर बुडवल्याचा होता. 22 मे रोजी त्याने गुन्हा कबूल केला, 15 महिन्यांची कैद आणि 10,000 डॉलर दंड अशी शिक्षा स्वीकारली आणि साधारण वर्षभर लेव्हनवर्थच्या तुरुंगात काढून तो घरी परतला.

या घटनेकडे दुष्टाच्या पराभवाची समाधानकारक कथा म्हणून पाहण्याची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. मतदार, वर्तमानपत्रे, न्यायालये आणि एक आधुनिक, सुधारकांनी मोठ्या आशेने रचलेली शहराच्या कारभाराची सनद हे सारे हाताशी असताना कॅन्सस सिटीने हा माणूस स्वतः का पाडला नाही, ही त्या प्रकरणातली खरी विचारात घेण्यासारखी गोष्ट आहे. त्याचे उत्तर पेंडरगास्टच्या लोभापेक्षा शहराच्या रोजच्या कारभारात अधिक सापडते.

मिझुरी आणि कॅन्सस या दोन नद्यांच्या संगमावरच्या सखल भागाला वेस्ट बॉटम्स म्हणत. गुरांचे बाजार, मांस कारखाने आणि रेल्वेची यार्डे यांनी व्यापलेल्या या भागात आयरिश, इटालियन आणि कृष्णवर्णीय मजुरांची दाट वस्ती होती. टॉमचा थोरला भाऊ जिम याने तिथे दारूचा गुत्ता काढला. मजुरांना तिथे पगाराचे चेक वटवता येत, उधारी मिळे, पोलिसांनी धरलेल्या माणसाला जामीन मिळे. 1892 मध्ये जिम नगरसेवक झाला आणि 1910 पर्यंत त्या जागेवर राहिला. त्याने आपल्या वॉर्डातून मिळवलेली निष्ठा विकत घेतलेली नव्हती. हिवाळ्यात कोळसा नसलेल्या घरी कोळसा पोचवून आणि काम नसलेल्याला चिठ्ठी देऊन ती त्याने कमावली होती. जिमच्या मागे टॉम त्याच जागी आला, पण 1915 नंतर त्याने कोणतेही निवडून येण्याचे पद भूषवले नाही. 1908 मेन स्ट्रीट या पत्त्यावरच्या एका साध्या इमारतीत जॅक्सन डेमोक्रॅटिक क्लबची कचेरी होती. तिथे तो सकाळी बसे आणि लोक रांगेने येत. कोणाला रस्तेखात्यात मजुरी हवी असे, कोणाच्या मुलावर खटला असे, कोणाला परवाना हवा असे. तो ऐकून घेई आणि कागदाच्या तुकड्यावर संबंधित अधिकाऱ्यासाठी दोन ओळी लिहून देई. ती चिठ्ठी पालिकेत चाले.

इथे थांबून विचार केला पाहिजे, कारण सुशिक्षित सुधारकांची गफलत नेहमी इथेच होते. त्या रांगेतला मजूर भ्रष्टाचाराला मत देत होता असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. त्या काळात बेकारीचा भत्ता नव्हता, म्हातारपणाचे निवृत्तिवेतन नव्हते. धर्मादाय संस्था मदत देत, परंतु आधी घराची आणि चारित्र्याची चौकशी करत. बॉसच्या माणसाने चौकशी केली नाही, फक्त निवडणुकीच्या दिवशी आठवण ठेवायला सांगितले. ज्याच्या घरात अन्न नाही त्याने हा सौदा नाकारावा अशी अपेक्षा ज्यांचे घर भरलेले आहे त्यांनी करू नये. या व्यवहारातले खरे पाप वेगळे आहे. ज्या वस्तू नागरिकाला करदाता म्हणून, रहिवासी म्हणून मिळायला हव्या होत्या त्या त्याला उपकार म्हणून मिळाल्या, आणि उपकाराची परतफेड मागता येते, तशी हक्काची मागता येत नाही. पेंडरगास्टचे सारे सामर्थ्य या एका फरकावर उभे होते.

सुधारकांना हे दिसत नव्हते असे नाही, पण त्यांनी उपाय काढला तो कारभाराच्या आराखड्यात. 1925 मध्ये कॅन्सस सिटीने नवी सनद स्वीकारली. जुने दोन सभागृहांचे मंडळ गेले, नऊ जणांची लहान परिषद आली आणि दैनंदिन कारभार एका नियुक्त, व्यावसायिक व्यवस्थापकाकडे सोपवण्यात आला. राजकारण एका बाजूला आणि प्रशासन दुसऱ्या बाजूला, अशी ती कल्पना होती. पेंडरगास्टच्या यंत्रणेचे, म्हणजे उपकार आणि मते यांवर चालणाऱ्या त्याच्या राजकीय जाळ्याचे, कट्टर विरोधक असलेले ‘कॅन्सस सिटी स्टार’ हे वृत्तपत्र या सनदेच्या पाठीशी होते. पेंडरगास्टनेही विरोध केला नाही. त्याने हिशेब केला की, मोठ्या मंडळातली बरीच माणसे सांभाळण्यापेक्षा नवांपैकी पाच मिळवणे सोपे आहे. निवडणुकीत महापौर रिपब्लिकन पक्षाचा आला, तरी परिषदेत डेमोक्रॅटांचे बहुमत पाच विरुद्ध चार असे झाले, आणि त्या एका मताच्या जोरावर हेन्री मॅकेलरॉय हा पेंडरगास्टचा माणूस 1926 मध्ये शहराचा व्यवस्थापक झाला. पुढची तेरा वर्षे तो त्या खुर्चीत होता. राजकारणापासून अलिप्त राहावे म्हणून ज्या पदाला सर्व अधिकार दिले होते, तेच पद एका माणसाच्या हाती गेल्यावर शहरात दाद मागायला दुसरी जागा उरली नाही. मॅकेलरॉय आपल्या हिशेबाच्या पद्धतीला खेडवळ हिशेब म्हणवून घेत असे. 1939 मध्ये त्याने राजीनामा दिल्यावर त्या वह्या तपासल्या गेल्या तेव्हा सुमारे दोन कोटी डॉलरची तूट झाकलेली निघाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो वारला आणि शहराला त्याच्याकडून कधीच जाब घेता आला नाही.

सनद चांगली की वाईट हा इथे मुद्दा नाही. पुढे हीच सनद या शहराला उत्तम लाभली. मुद्दा असा की, अधिकार एकवटणारी कोणतीही सुधारणा करताना ते अधिकार नको त्या हातात गेले तर काय, हा विचार आधी झाला पाहिजे, आणि कॅन्सस सिटीच्या सुधारकांनी तो केला नव्हता.

1931 मध्ये शहर आणि कौंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) मिळून सुमारे चार कोटी डॉलरच्या रोख्यांची दहा वर्षांची विकास योजना मतदारांनी मंजूर केली. नवे न्यायालय, भव्य सभागृह, उंच नगरभवन, रस्ते अशी कामे झाली आणि त्यांतल्या काही इमारती आजही अभिमानाने दाखवल्या जातात. मंदीच्या ऐन काळात हजारो माणसांच्या हाताला काम मिळाले हेही खरे. काँक्रीट मात्र बहुतांशी पेंडरगास्टच्या रेडी मिक्स्ड कंपनीचे होते, आणि ब्रश क्रीक या ओढ्याचा तळसुद्धा काँक्रीटने मढवण्यात आला. विकास आणि लूट एकाच निविदेत असू शकतात, हे इथे डोळ्यांना दिसते. म्हणून “त्याने काम तरी केले” हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. काम शहराच्या कर्जातून झाले, त्याचे व्याज नागरिकांनी फेडले, आणि स्पर्धा असती तर तेच काम किती स्वस्तात झाले असते हे कळण्याची सोय कोणी ठेवली नाही.

असेच दुसरे समर्थन संगीताच्या नावाने केले जाते. दारूबंदीच्या वर्षांतही हे शहर रात्रभर उघडे राहिले म्हणून काउंट बेसीचा जॅझ वाद्यवृंद तिथे घडला, तिथल्या रस्त्यांवर वाढलेला सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर पुढे जगाला मिळाला, असे सांगतात. ही कला त्या कलावंतांची आहे. तिचे श्रेय गुत्त्यांकडून हप्ता घेणाऱ्यांना देणे मला अत्यंत गैर वाटते.

शहराचा धीर खरा खचला तो पोलिसांच्या बाबतीत. 1932 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पोलीस दलाचा ताबा राज्याकडून शहराकडे आला. स्थानिक स्वराज्याच्या दृष्टीने हा विजय म्हणावा असाच निकाल होता. प्रत्यक्षात दल मॅकेलरॉयच्या हाती आले आणि जॉन लाझिया या गुंडांच्या म्होरक्याचे वजन पोलीस भरतीपर्यंत पोचले. 1932 मध्येच रब्बी (ज्यू धर्मगुरू) सॅम्युएल मेयरबर्ग यांनी उघडपणे या कारभाराविरुद्ध बोलायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या जिवावर बेतले. 27 मार्च 1934 च्या महापालिका निवडणुकीत दिवसाढवळ्या चार माणसे मारली गेली, आणि तरी निवडणूक यंत्रणेनेच जिंकली. ज्याने तक्रार करायची तो मतदार, ज्याच्याकडे करायची तो पोलीस, आणि ज्याच्या सहीने मत मोजले जायचे तो केंद्रावरचा कर्मचारी, हे तिघे एकाच कचेरीच्या ओळखीने तिथे आलेले असतील तर “लोकांनी मतपेटीतून उत्तर द्यावे” हा उपदेश पोकळ ठरतो. वर्तमानपत्र रोज लिहीत होते. लोकांना सारे ठाऊक होते. ठाऊक असणे पुरेसे नसते, ही या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे.

1936 च्या निवडणुकीनंतर संघराज्याच्या न्यायाधीशांनी ग्रँड ज्युरी, म्हणजे आरोप ठेवावेत का हे ठरवणारे नागरिकांचे मंडळ, बसवली आणि मॉरिस मिलिगन या सरकारी वकिलाने मतदानातील गैरप्रकारांचे खटले चालवले. मतपत्रिकेवर अध्यक्षपदाची निवडणूक होती म्हणून संघराज्याला हात घालता आला, आणि कायदा वापरला तो यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराच्या रक्षणासाठी 1870 मध्ये केलेला. 278 आरोपींपैकी 259 जण दोषी ठरले. मतदारयादी नव्याने झाल्यावर हजारो नावे गळली. परंतु शिक्षा झालेल्यांमध्ये मुख्यतः केंद्रावरचे कारकून, मतमोजणीला बसलेले स्त्री-पुरुष, वॉर्डातले कार्यकर्ते होते. ज्यांना नोकरी टिकवायची होती ती ही माणसे. त्यांनी गुन्हा केला यात शंका नाही, पण ज्याच्यासाठी केला तो 1908 मेन स्ट्रीटवर सकाळी पूर्वीसारखाच बसत होता. शहराच्या मतांची चोरी त्याच्या नावावर न्यायालयात कधी सिद्ध झाली नाही, आणि ही उणीव मला त्याच्या पंधरा महिन्यांच्या शिक्षेपेक्षा मोठी वाटते.

तो सापडला तो विम्याच्या प्रकरणात. आगीच्या विम्याचे दर वाढवण्यावरून विमा कंपन्या आणि मिझुरी राज्य यांच्यात अनेक वर्षे दावा चालू होता, आणि ग्राहकांनी भरलेली जादा रक्कम न्यायालयाच्या ताब्यात साचत गेली होती. 1935 मध्ये राज्याचा विमा अधीक्षक एमेट ओमॅली याने तडजोड मान्य केली. तीत ग्राहकांच्या वाट्याला केवळ एक पंचमांश रक्कम आली. ओमॅली पेंडरगास्टच्या शिफारशीवर त्या पदी आलेला होता. या तडजोडीसाठी पेंडरगास्टला साडेसात लाख डॉलर कबूल झाले होते आणि त्यातले सव्वातीन लाखांच्या आसपास त्याच्या हाती पडले. रोख रक्कम आगगाडीने, माणसाच्या हाती पोचवली गेली. एका वेगळ्याच तपासात प्राप्तिकर अधिकाऱ्यांना शिकागोतील हिशेबांत विसंगती आढळली आणि धागा त्याच्यापर्यंत आला. एवढा पैसा त्याला का लागत होता, याचे उत्तर शर्यतीच्या घोड्यांत होते. एका वर्षात लाखो डॉलर तो शर्यतीत हरत होता. दुसऱ्यांच्या गरजांवर सत्ता उभारणारा माणूस अखेर स्वतःच्या गरजेपायी कोणाच्या तरी दारात गेला.

वॉशिंग्टनने न्याय केला, असे म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. रूझवेल्ट यांच्या सरकारने 1935 मध्ये बेकारांना काम देण्याची मोठी योजना आणली तेव्हा मिझुरीत ती राबवण्याचे काम मॅथ्यू मरे या पेंडरगास्टच्याच माणसाकडे दिले होते. नव्या कल्याणकारी योजनांनी बॉस लोकांची गरज संपवली, असे एक मत इतिहासकारांत प्रचलित आहे. निदान कॅन्सस सिटीपुरते ते मला उलटे दिसते. सरकारी पैसा आला, पण तो वाटण्याची खिडकी बॉसच्या हातात राहिली, त्यामुळे त्याची ताकद आणखी वाढली. पुढे राज्यपाल लॉइड स्टार्क यांनी, जे स्वतः 1936 मध्ये पेंडरगास्टच्या पाठिंब्याने निवडून आले होते, त्याच्याशी वैर धरले आणि वॉशिंग्टनचा कल त्यांच्याकडे झुकला. तपास प्रामाणिक होता, पुरावे खरे होते, पण तो शेवटपर्यंत रेटला गेला त्याला राजकीय हवामान बदलल्याची मदत झाली. शेवटच्या टप्प्यात एका स्थानिक न्यायाधीशानेही जुगाराच्या अड्ड्यांची चौकशी लावली होती. ते धैर्य मोलाचे होते, पण ते दिसले तोवर किल्ल्याला बाहेरून खिंडार पडलेले होते. जे शहर आपल्या सुटकेसाठी दूरच्या सत्तेच्या मर्जीवर अवलंबून राहते, ती मर्जी फिरली तर त्याची सुटका होत नाही.

या साऱ्यात पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या हॅरी ट्रुमन यांचे काय, हे विचारल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिल्या महायुद्धात पेंडरगास्टच्या पुतण्याबरोबर सैन्यात असलेले ट्रुमन 1922 मध्ये यंत्रणेच्या पाठिंब्याने कौंटीच्या प्रशासनात निवडून आले, पुढे तिचे प्रमुख झाले आणि 1934 मध्ये त्याच यंत्रणेच्या जोरावर सेनेटमध्ये गेले. रस्त्यांची कंत्राटे त्यांनी कमी दराच्या निविदेला दिली, स्वतः पैसा खाल्ला नाही, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य केले. पण पिकविक हॉटेलच्या कागदांवर त्यांनी खासगीत लिहिलेली टिपणे वाचली म्हणजे मन जड होते. रोख्यांचा मोठा पैसा वाचवण्यासाठी आपण बॉसच्या एका माणसाला सुमारे दहा हजार डॉलर खाऊ दिले, हे योग्य झाले की अयोग्य, असा प्रश्न ते तिथे स्वतःलाच विचारतात. मला त्यांची तळमळ खरी वाटते, तरी उत्तर अयोग्य असेच द्यावे लागते. प्रामाणिक माणूस यंत्रणेला जी गोष्ट देतो ती पैशापेक्षा महाग असते, कारण त्याच्या चेहऱ्यामुळे उरलेल्यांना प्रतिष्ठा मिळते. 1938 मध्ये मिलिगनच्या फेरनियुक्तीविरुद्ध सेनेटमध्ये एकट्या ट्रुमन यांनी मत दिले तेव्हा या देण्याची वसुली झाली. जानेवारी 1945 मध्ये पेंडरगास्ट वारला तेव्हा ट्रुमन उपाध्यक्ष होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. टीका होणार हे माहीत असून ते अंत्यविधीला गेले. माणूस म्हणून त्यात काही चुकले असे मला म्हणवत नाही, पण वैयक्तिक कृतज्ञता आणि सार्वजनिक पदाचे कर्तव्य यांची गाठ पडली की अशी माणसे कुठे खेचली जातात, ते 1938 च्या त्या मतात दिसले होते.

बॉस तुरुंगात गेल्यावर यंत्रणा आपोआप संपली नाही. एप्रिल 1940 मध्ये जॉन गेज महापौर झाले. त्या निवडणुकीत शहरातल्या स्त्रियांनी झाडू हे चिन्ह घेऊन दारोदार प्रचार केला होता. पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती नंतरची, बातमी न होणारी एकोणीस वर्षे. नव्या परिषदेने एल. पी. कुकिंगहॅम या बाहेरच्या व्यावसायिकाला व्यवस्थापक म्हणून आणले आणि ते 1959 पर्यंत राहिले. भरती गुणवत्तेवर, खरेदी निविदेने, हिशेब उघड, आणि नगरसेवकाने आपल्या माणसाला नोकरी मागितली तर नकार. सनद तीच होती, पद तेच होते. बदलले ते एवढेच की, रस्त्यावरचा खड्डा बुजवून घेण्यासाठी कोणाचा माणूस असण्याची गरज उरली नाही. पेंडरगास्टचा पुतण्या राजकारणात पुढेही होता, पण सकाळच्या रांगेत उभे राहण्याचे कारण कमी होत गेले तसे त्याच्याकडे देण्यासारखे उरले नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात ओळखीचे काही दिसत असेल तर ते उगीच नाही. आपल्याकडे 2015 मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम झाला. ठरलेल्या मुदतीत दाखला, परवाना मिळणे हा नागरिकाचा अधिकार मानला गेला, अपिलाची सोय आणि चुकार अधिकाऱ्याला दंडाची तरतूद झाली. या कायद्याची चर्चा भ्रष्टाचाराविरुद्धच्या भाषणांत क्वचित होते, आणि अटक, छापे, चौकशी यांचीच होते. कार्यालयाबाहेर वशिल्याची चिठ्ठी घेऊन उभा असलेला माणूस जोवर तिथे आहे तोवर त्या चिठ्ठीवर सही करणाराही कोणी ना कोणी असणार, म्हणून मी अटकेपेक्षा या रटाळ कायद्याच्या अंमलबजावणीकडे अधिक आशेने पाहतो.

कॅन्सस सिटीने मात्र एक किंमत अजून फेडून संपवलेली नाही. 1939 मध्ये, यंत्रणा कोसळत असताना, मिझुरीच्या विधिमंडळाने शहराचे पोलीस दल पुन्हा राज्याच्या ताब्यात घेतले. राज्यपालांनी नेमलेले चार सदस्य आणि महापौर असे मंडळ ते चालवते. ज्या कारणासाठी हे केले ते कारण केव्हाच गेले, पेंडरगास्टला जाऊन ऐंशी वर्षे होऊन गेली, शहराने अनेक स्वच्छ महापौर पाहिले, पोलिसांसाठी पैसा शहराच्या तिजोरीतून जातो. तरीही आपल्या पोलीस प्रमुखाची नेमणूक त्या शहराच्या निवडून आलेल्या परिषदेला करता येत नाही.